उंदीर, अडगळ आणि आपला संसार



गळीत हंगाम सरत आला, फड मोकळे होऊ लागले, की आमच्या शेतकी खात्याच्या गट कार्यालयात एक मागणी हमखास येते. "साहेब, उंदराचं काही औषध असलं तर सांगा. घरात नुसता धुमाकूळ चाललाय." आतापर्यंत मी औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून देत असे आणि विषय तिथेच संपत असे. यंदा मात्र चिठ्ठी लिहिण्याआधी मी एक उलटा प्रश्न विचारतो, "माळ्यावर काय काय पडलंय?" लोक हसतात. पण त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय उंदराचा बंदोबस्त होत नाही, हे मला आता माझ्याच घरात कळून चुकले आहे.

या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. आज शेत सोडून जरा घरात येऊ.

उंदीर कोणता, हे आधी ओळखा

आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिला काळा घरउंदीर. याची शेपटी अंगापेक्षा लांब असते, चढण्यात पटाईत, राहतो तो आढ्याला, माळ्यावर, कौलाखाली. दुसरी घूस. ही उकरणारी जात. शेताचे बांध, गोठ्याची जमीन, घराचा पाया कुठेही बिळे करते आणि मातीचे ढीग बाहेर टाकते. तिसरा अगदी लहान घरउंदीर. तो कपाटात, पेटीत, अंथरुणांच्या चळतीत राहतो. चिचुंदरीला मात्र उंदरात धरू नये. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंदरी मुख्यतः किडे खाते. तिच्यावर आपला राग काढण्यात अर्थ नाही.

उभ्या उसात, त्यातून तो लोळलेला असेल तर, उंदराला अन्न, ओल आणि आडोसा तिन्ही गोष्टी एका जागी मिळतात. खालच्या कांड्या कुरतडलेला ऊस वाळतो, त्या जखमेतून रोग शिरतो आणि वजन व साखर दोन्ही घटतात, हे आपण जाणताच. तोडणी झाली की त्याचा आडोसा एका दिवसात नाहीसा होतो. मग तो बांधावर, ओढ्याकाठी आणि तिथून वस्तीवर, गोठ्यात, घरात येतो. येतो म्हणण्यापेक्षा, आपण जागा ठेवलेली असते म्हणून तो टिकतो.

हिशेब मांडून पाहा

मादी गाभण राहिल्यापासून साधारण २१ ते २३ दिवसांत विते. एका वेताला सहा-आठ पिले होतात, आणि ती पिले अडीच-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. व्याल्यावर एक-दोन दिवसांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पुढचे गणित तुम्हीच करा.

एक मोठा उंदीर दिवसाला सुमारे १५ ग्रॅम धान्य खातो असे धरले, तरी घरातले दहा उंदीर दिवसाला १५० ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ ५५ किलो धान्य फस्त करतात. खातात त्याहून जास्त लेंड्या, मूत आणि केसांनी नासवतात ते वेगळेच. शिवाय त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. म्हणून जे त्याच्या खाण्याचे नाही तेही तो सोडत नाही. ठिबकच्या नळ्या, विजेच्या तारा, पोती, कागद, कपडे, सगळे.

नुसत्या विषाने का भागत नाही?

उंदीर मोठा संशयी प्राणी. नवीन वस्तू दिसली की काही दिवस तिच्या आसपास फिरकत नाही. झिंक फॉस्फाईडचे आमिष एकदा थोडे खाऊन जो वाचला, तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी चार-पाच मेलेले दिसतात, आपण समाधान मानतो, आणि दोन महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस नावाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे दिसले, की वस्तीतले उंदीर मारून कमी केले तरी काही काळाने त्यांची संख्या पुन्हा पूर्वीइतकी भरून येते. ज्या ठिकाणी कचरा, पडके आडोसे आणि उघडे अन्न काढून टाकले, तिथे मात्र संख्या घटते आणि घटलेलीच राहते. म्हणजे घरात किती उंदीर राहणार, हे विषाच्या पुडीवर ठरत नाही. ते तिथे किती जणांची सोय आहे यावर ठरते. एकरी किती ऊस पोसेल हे जसे जमिनीवर ठरते, तसेच हे.

उंदराला लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी अन्न आणि पाणी शेतकऱ्याच्या घरातून पूर्ण हटवणे अवघड आहे. धान्य असणार, पेंड असणार, जनावरांची डोणी असणार. पण तिसरी गोष्ट, आडोसा, ही सर्वस्वी आपल्या हातात आहे. आणि घरातला आडोसा म्हणजेच आपली अडगळ.

धोका केवळ नुकसानीचा नाही

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो. साचलेल्या पाण्यात, चिखलात हे जंतू असतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. पाणी धरणाऱ्या आणि पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाला हा धोका अधिक. सणकून ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ, अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन "मी चिखलात काम केले आहे" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत उपचार मिळाले तर माणूस बरा होतो.

"उंदीर पडू लागले" हे शब्द आपल्या आजे-पणज्यांच्या अंगावर काटा आणीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्याने हाहाकार केला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने नेले. उंदरावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ साली दाखवून दिले. आणि ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, धान्य बंद घरांत तसेच पडून राहिले आणि तिथे उंदीर बेसुमार वाढले, असे त्याचे एक कारण तज्ज्ञांनी सांगितले. माणसाचा वावर नसलेली, सामानाने भरलेली खोली उंदराला काय देते, ते यावरून समजावे. विष न घालता उंदीर मरून पडू लागले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

आणखी एक. उंदीर जिथे, तिथे त्याच्या मागावर साप. धामण बिनविषारी आहे, ती उंदीर खाते, तिला मारू नये. पण नाग, घोणस, मण्यारही याच वाटेने घरात शिरतात. सरपणाच्या ढिगात किंवा पोत्यांच्या थप्पीत हात घालणारा हात बहुतेक वेळा घरच्या बाईचा किंवा पोराचा असतो, हे लक्षात घ्या.

आमच्या घरचा अनुभव

दुसऱ्याला शहाणपण सांगणाऱ्याने आपले घर आधी दाखवावे. वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांच्या शेअरवर आईचे नाव लावायचे म्हणून शेअर दाखला शोधायला मी माळ्यावर चढलो. वारस नोंदीला मूळ दाखला घेऊन या, असे मी स्वतः कित्येक सभासदांना बजावलेले. पत्र्याच्या पेटीचे झाकण उघडले तर आत कागदांचा भुसा, आणि त्या भुशात उघड्या डोळ्यांची नव्हे तर अजून डोळेही न उघडलेली सात लालबुंद पिले. शेअर दाखला, विहिरीच्या हिश्श्याचा जुना कागद, वडिलांची काही पत्रे, सगळ्यांचे मिळून एक घरटे झाले होते. पेटीचा तळ एका कोपऱ्यात गंजून भोक पडले होते, तेवढे त्यांना पुरले. दुबार दाखला अर्ज, प्रतिज्ञापत्र करून मिळाला. पत्रे मिळाली नाहीत.

त्या दिवशी मी विषाची पुडी आणायला निघालो. आई म्हणाली, "औषध कुठं कुठं टाकशील? आधी हे सगळं खाली काढ." खाली काढायला दोन दिवस लागले. खताची रिकामी पोती दोनशेच्या वर निघाली. कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांची सहा बंडले, त्यांतली चार कुरतडून चाळण झालेली. बंद पडलेले दोन पंप. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, त्यांत १९९७ पासून बंदी असलेली बीएचसी पावडर अर्धा डबा, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेल्या एंडोसल्फानची एक भरलेली बाटली. हा डबा आणि बाटली लोणच्याच्या बरण्यांपासून दीड हातावर होती, आणि मी शेतकी खात्यात नोकरी करतो!

पितळी हंडे, लग्नांत आलेल्या मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्यांची गाठोडी, स्टीलच्या आहेराची भांडी खोक्यांतून न काढलेली. शोधायला वेळ नाही म्हणून पुन्हा पुन्हा विकत आणलेल्या वस्तू तर विचारू नका. पान्यांचे तीन संच, चार टॉर्च, पाच विळे. घरात असलेली वस्तू सापडत नाही म्हणून आपण तिच्यासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजतो, हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

आईने एकेक वस्तू हातात घेतली. वडिलांची धान्य मोजायची पायली तिने बाजूला ठेवली. बाकीच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "ही पायली ठेव. बाकीचं ने. माणूस का सामानात असतो?" ती पायली आता कोठीत रोज वापरात आहे. माळ्याखालची जी खोली केवळ वासामुळे बंद होती, तिथे आता माझी मुलगी अभ्यासाला बसते. विष म्हणाल तर फार थोडे लागले. तीन पिंजरे लावले, भोके बुजवली, आणि पुढच्या पावसाळ्यात रात्रीची खुडबूड जवळजवळ बंद झाली.

काम कसे करावे?

१. आधी पिंजरे, मग सफाई. अडगळ एकदम हलवली तर उंदीर शेजारच्या घरात पळतात. म्हणून चार-पाच दिवस आधी पिंजरे मांडावेत. पिंजरे भिंतीला लागून ठेवावेत, कारण उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. शक्य तर सगळ्या वस्तीने किंवा गल्लीने एकाच आठवड्यात हे काम काढावे.

२. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. धूळ नाकात जाते. दारे-खिडक्या अर्धा तास उघडाव्यात. तोंडाला फडके व हातात मोजे घालावेत, एक भाग जंतुनाशक ब्लीच व नऊ भाग पाणी शिंपडून थोडा वेळ थांबावे, मग ओल्या फडक्याने पुसावे. मेलेला उंदीर खोल पुरावा.

३. तीन ढीग करावेत. वापरात असलेले, दुसऱ्याच्या उपयोगाचे, आणि कुणाच्याच उपयोगाचे नसलेले. चौथा ढीग "बघू पुढं" असा करू नये. सगळी अडगळ त्याच ढिगातून जन्मते. दोन हंगाम ज्या वस्तूला हात लागला नाही ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगात घालावी.

४. कागद वेगळे काढावेत. सातबारा, खरेदीखत, शेअर दाखला, बँकेची व सोसायटीची पुस्तके एका घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत आणि त्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या जागी. हा डबा कुठे आहे ते घरातल्या किमान दोघांना, त्यात एक बाईमाणूस, माहीत असावे.

५. औषधांच्या रिकाम्या बाटल्या तेलाला, रॉकेलला, पाण्याला कदापि वापरू नयेत. औषध संपताच बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणी पंपात ओतावे, बाटलीला भोक पाडावे आणि संकलनाची सोय असेल तिथे द्यावी. जुनी, बंदी असलेली औषधे ओढ्यात ओतू नयेत, जाळू नयेत, पुरू नयेत. झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारावे.

६. भोके बुजवावीत. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून भोक बुजवावे, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारावी.

७. धान्य पत्र्याच्या कोठीत, आणि कोठी भिंतीपासून वीतभर दूर, फूट-दीड फूट उंच ठेवावी. दिवाळीला कारखान्याकडून मिळणारी सभासद साखर पोत्यात न ठेवता डब्यात भरावी. पेंड झाकणाच्या पिंपात ठेवावी. रात्री खरकटे आणि उघडे पाणी ठेवू नये. सरपण व गोवऱ्या घराच्या भिंतीला टेकवून रचू नयेत.

८. विष वापरायचेच तर शेवटी आणि जपून. झिंक फॉस्फाईड घरात नको, त्यावर नेमका उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनची तयार वडी मुलाबाळांचा, कुत्र्या-मांजराचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा बंद पेटीतच ठेवावी.

एक खुलासा करतो. "साहेबांनी सफाई सांगितली" म्हणून कोणी शेतातले पाचट पेटवू नका! पाचट ही अडगळ नव्हे. ते जमिनीवर आपल्या जागी आहे आणि काम करते आहे. ओल धरते, कुजून सेंद्रिय खत देते. वस्तू अडगळ होते ती जागा अडवून काहीच काम करीत नाही तेव्हा. फक्त पाचटाची गंज घराला लागून घालू नका, एवढेच.

निघालेले सामान आणि पुढची राहणी

पोती, भंगार, नळ्या यांचे भंगारवाल्याकडून थोडेबहुत पैसे येतातच. न वापरलेल्या साड्या-भांडी गरजूंना, ऊसतोड मजुरांच्या कुटुंबांना द्यावीत. मात्र फाटके देऊ नये, धड असेल तेच द्यावे. एकाच्या माळ्यावर कुजणारी चादर दुसऱ्याच्या कोपीत थंडीला उपयोगी पडते.

पण खरा प्रश्न पुढे आहे. रिकामा केलेला माळा दोन वर्षांत पुन्हा भरणार असेल तर ही मेहनत फुकट गेली. आपल्या हातात उसाच्या बिलाचा हप्ता एकरकमी येतो आणि एकरकमी जातो. त्या आठवड्यात दुकानदार, हप्तेवाले, पाहुणेरावळे सगळे हजर असतात. आमच्या घरी आम्ही तीन नियम केले, ते सांगतो. घरात नवी वस्तू आली की त्याच कामाची जुनी एक बाहेर गेली पाहिजे. हप्ता जमा झाल्यावर पंधरा दिवस गरजेशिवाय काही खरेदी नाही. आणि घरच्या कार्यात मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या देणे-घेणे बंद. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" हे छापायचे, आणि पाळायचेही. पहिल्या कार्यात एक-दोन पाहुणे रुसले. दुसऱ्या कार्यात त्यांनीच विचारले, "आमच्या पत्रिकेवर बी हेच छापू का?"

संत गाडगेबाबांनी जन्मभर एक खराटा आणि एक गाडगे एवढ्यावर संसार केला. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून कर्ज काढून लग्न-कार्ये करू नका म्हणून कळवळून सांगायचे. झाडणे आणि कर्ज न काढणे, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. आपल्याला त्यांच्याइतके थोडक्यात राहणे जमणार नाही. पण आपल्या माळ्यावर काय आहे हे न पाहता सांगता यावे, एवढे तरी जमायला हरकत नाही.

यंदा मृगाचा पाऊस लागण्याआधी, आडसाली लागणीची घाई सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक घराने दोन दिवस यासाठी काढावेत, अशी विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांची वस्तू काढू नका. त्यांना सोबत घेऊन बसा, वस्तूंच्या गोष्टी ऐका, मग काढा. वस्तू गेली तरी गोष्ट घरात राहते.

आणि पुढच्या हंगामाला आपण उंदराच्या औषधासाठी कार्यालयात याल तेव्हा मी माळ्याचा प्रश्न विचारणारच आहे. उत्तर तयार ठेवून यावे.



आपला,
ऊस विकास अधिकारी